जुना फिल्म कॅमेरा घ्यायचाय? संग्रामपुरात बसून खर्च किती, रोल कोणता

कॅमेऱ्याचं नंतर पाहू, आधी रोलचा हिशेब करा. ३६ फोटोंचा साधा रंगीत रोल साधारण १,००० रुपयांना पडतो. तो धुऊन स्कॅन करून घ्यायला ४०० ते ७०० लागतात. संग्रामपूरहून लॅबला पाठवायचा आणि निगेटिव्ह परत मागवायचा खर्च १५० ते २००. एकूण १,५५० ते १,९०० रुपये, म्हणजे एका फोटोला ४३ ते ५३ रुपये. पाच रोल काढले की ८ हजारांच्या कॅमेऱ्याएवढे पैसे पुन्हा गेलेले असतात. हे परवडणार असेल तरच पुढे वाचा. परवडणार नसेल तर हातात आहे त्या मोबाइलवर फोटो काढा, त्यात काही कमीपणा नाही.

इथले सगळे भाव ढोबळ आहेत. जुन्या मालाला ठरलेली किंमत नसते आणि रोल बाहेरच्या देशातून येतात, त्यामुळे डॉलर हलला की भाव हलतो. पैसे पाठवण्याआधी दोन ठिकाणी ताजा भाव विचारा.

कोणता कॅमेरा

एक अट धरून चला: बॅटरी काढून टाकली तरी शटर चाललं पाहिजे. अशा कॅमेऱ्यात बॅटरी फक्त लाइट मीटरला लागते. मीटर बंद पडला तरी अंदाजाने फोटो काढता येतात, आणि बिघाड झाला तर जुना कारागीर उघडून दुरुस्त करू शकतो. इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यातलं सर्किट गेलं की त्याचा सुटा भाग दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो. संग्रामपूरसारख्या ठिकाणी राहून ही डोकेदुखी विकत घेऊ नका.

या अटीत बसणारा आणि शिकायला सगळ्यात सरळ कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के-१०००. तो १९७६ ते १९९७ अशी वीसएक वर्षं बनत होता, त्यामुळे माल भरपूर आहे. शटर १ सेकंद ते १/१००० पर्यंत, फ्लॅश १/६० ला, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये एक काटा. काटा मध्यावर आला की उजेड बरोबर. सेल्फ टायमर नाही, ऑटो काही नाही. सेल एकच, एलआर४४, आणि तो घड्याळवाल्याकडे मिळतो. याची एक खोड आधीच माहीत असू द्या: मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सचं झाकण लावलं नाही तर सेल उतरत राहतो. ५० एमएम लेन्ससह ८ ते १४ हजार.

निकॉन एफएम१० हा निकॉनसाठी कोसिनाने बनवलेला कॅमेरा. वजनाला हलका, बॉडी प्लास्टिकची, शटर १/२००० पर्यंत, फ्लॅश १/१२५ ला. मीटर दिव्यांवर चालतो, त्यामुळे कमी उजेडात वाचायला सोपा. सोबत बहुतेक वेळा ३५-७० ची झूम येते. ही लेन्स अंधारी आहे, संध्याकाळनंतर तिचा उपयोग कमी. शक्य असेल तर बॉडी वेगळी घ्या आणि ५० एमएम एफ/१.८ वेगळी. याशिका एफएक्स-३ सुपर २००० चे आकडे जवळपास तेच आणि भाव थोडा कमी, ६ ते १० हजार. त्याचं वरचं काळं रेक्झिन सोलवटतं. ते दिसायला वाईट, पण कामात अडचण नाही. उलट त्यावर भाव पाडून मागा.

बजेट ५ हजारांच्या आत असेल तर रशियन झेनिट. झेनिट-ईचं शटर १/३० ते १/५०० एवढंच, आणि मीटर सेलवर न चालता उजेडावर चालतो. जुन्या नगांत तो बहुधा मंदावलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. कॅमेरा जड आणि ओबडधोबड आहे, पण सोबतची हेलिओस ५८ एमएम लेन्स पैसे वसूल करून देते.

टाळायचे कोणते? कॅनन एई-१ दिसायला देखणा आहे, पण ६ व्होल्टच्या वेगळ्या सेलशिवाय तो हलतसुद्धा नाही, आणि नावामुळे भाव चढलेला आहे. मिनोल्टा एक्स-७०० चं शटरही सेलवरच; त्यातले कपॅसिटर जाण्याची तक्रार जुनी आहे. निकॉन एफएम२ मात्र उत्तम, १/४००० पर्यंत शटर आणि तेही बॅटरीशिवाय. पण २० हजारांच्या पुढे पैसे मोजावे लागतात, पहिल्या कॅमेऱ्याला एवढे घालू नका. आजोबांच्या कपाटात आगफा क्लिक-३ सापडला असेल तर तो ३५ एमएमचा कॅमेरा नाही. त्याला १२० चा रोल लागतो आणि एका रोलमध्ये १२ फोटो निघतात. शोभेला ठेवा.

आणखी एक. अंबाबरवा अभयारण्य जवळ आहे म्हणून मोठी झूम घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. हाताने फोकस करायच्या जुन्या झूमवर, ४०० च्या रोलने, झाडीतल्या अपुऱ्या उजेडात पळतं जनावर धरणं फार अवघड आहे. ६ हजारांची लेन्स आणि ३६ अस्पष्ट फोटो एवढंच हाती राहील. जंगलात ५० एमएम न्या आणि झाडं, नाले, वाटा टिपा. गेटवर कॅमेऱ्याची फी वेगळी आहे का, ते तिकीट काढतानाच विचारा.

घेण्याआधी हातात धरून तपासा

पहिली पायरी: मागचं झाकण उघडण्याआधी रोल गुंडाळायची छोटी चावी हलकेच फिरवा. अडकली तर आत रोल आहे. आधी खालचं बटण दाबून रोल पूर्ण गुंडाळून घ्या, मगच झाकण उघडा. त्या रोलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असू शकतात.

झाकण उघडल्यावर कडेच्या खाचांमध्ये बोट फिरवा. काळा चिकट चिखल बोटाला लागला तर स्पंज विरघळलेला आहे आणि फोटोंवर उजेडाचे पट्टे येणार. हा स्पंज बदलायला ३०० ते ६०० रुपये; कॅमेऱ्याच्या भावातून तेवढे कमी करून मागा. मग १ सेकंदापासून १/१००० पर्यंत प्रत्येक वेगाला शटर मारा. १ सेकंदाचं शटर दोन सेकंद रेंगाळलं, किंवा मध्येच थांबलं, तर आतलं तेल सुकलंय. सेलचं झाकण उघडून हिरवट-निळा थर बघा. थोडा असेल तर पुसला जातो, तारेपर्यंत पोहोचला असेल तर मीटरचं काम निघालं.

लेन्सची तपासणी उजेडात करायची नाही, सावलीत करायची. लेन्स बॉडीतून काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून डोळा जवळ नेऊन बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, ती चालते. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू काचेच्या कडेकडून आत सरकलेले दिसले तर ती बुरशी आहे. कडेला चिमूटभर असेल तर साफ होते, मध्यभागी पसरली असेल तर काचेवरचा थर खाल्लेला असतो. मग पॉलिश करूनही डाग जात नाही. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका, आणि चांगल्या लेन्सच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका.

शेवटी फोकस. लांबवरचा मोबाइल टॉवर धरा, व्ह्यूफाइंडरमध्ये तो स्पष्ट होतो तेव्हा लेन्सवरची खूण अनंताच्या चिन्हावर आली पाहिजे. नाही आली तर कुणीतरी लेन्स उघडून नीट बसवलेली नाही.

कुठून घ्यावा, कागद कोणते

पहिला शोध जवळपासच घ्या. शेगाव, खामगाव, अकोट, जळगाव जामोद, वरवट बकाल इथल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा. २००५ च्या आधी लग्नं फिल्मवर काढणाऱ्यांच्या कपाटात असे कॅमेरे पडून असतात, आणि ते वापरणाऱ्याच्या हातचे असल्याने त्यांचा इतिहास तोंडी कळतो. मुंबईत फोर्टचा बोरा बाजार आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणं. तिथे घासाघीस चालते, परत घेणं चालत नाही.

ऑनलाइन घेताना शब्द नीट वाचा. ‘फिल्म टेस्टेड’ लिहिलं असेल तर त्याच कॅमेऱ्यातून काढलेले फोटो मागा. ‘अनटेस्टेड’ किंवा ‘जसा आहे तसा’ लिहिलं असेल तर तो बिघडलेलाच आहे असं धरून भाव करा. परदेशातून मागवलात तर दिसते ती किंमत अंतिम नसते. जकात, जीएसटी आणि कुरियर कंपनीची हाताळणी फी वर बसते, आणि माल सोडवायला केवायसीसाठी आधार किंवा पॅन द्यावं लागतं. हे सगळं आधी विचारलं नाही तर स्वस्तात मिळालेला कॅमेरा दारात येईपर्यंत इथल्यापेक्षा महाग झालेला असतो.

कुणाकडूनही घ्या, एका कागदावर लिहून घ्या: मॉडेल, बॉडीचा नंबर, लेन्सचा नंबर, रक्कम, तारीख, ‘शटर व मीटर चालू’ हे शब्द, आणि सही. पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. पार्सल आलं तर उघडताना सलग व्हिडिओ काढा, डब्यावरच्या पत्त्यापासून सुरुवात करून.

सर्व्हिसिंगसाठी १,५०० ते ३,००० रुपये बाजूला ठेवाच. हा खर्च टाळू नका. तीस-चाळीस वर्षांचं यंत्र आहे. जवळच्या स्टुडिओत विचारा, पण ‘बघतो उघडून’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. मुंबईला न्यायचा असेल तर शेगावहून विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्सप्रेस रात्रीतून पोहोचवते. कारागिराला आधी फोन करा, अंदाजे खर्च लेखी घ्या, आणि काम करण्याआधी कॉल करायला सांगा. ‘फक्त तपासणी’चे २०० ते ५०० रुपये लावतात, काम केलं तर ते बिलात वळते होतात का, तेही विचारा.

रोल कोणता

पहिल्या तीन रोलांसाठी कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २००. कारण आपलं ऊन. दुपारच्या सरळ उन्हात अंदाजाचा नियम असा: अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर रोलच्या आकड्याएवढं. २०० चा रोल असेल तर एफ/१६ ला १/२५०. याच उन्हात ४०० चा रोल घातलात तर एफ/११ लाच शटर १/१००० वर पोहोचतं, के-१००० तिथे संपतो, आणि मागचा भाग धूसर करायचा म्हणून अ‍ॅपर्चर उघडायला जागाच उरत नाही. कपाशीचं शेत, बाजार, एसटी स्टँड, घरासमोरचं अंगण यांना २०० पुरतो. सावलीत दोन-तीन पायऱ्या उघडा, पारावर झाडाखाली एफ/५.६ च्या आसपास.

४०० चा रोल, म्हणजे कोडॅक अल्ट्रामॅक्स, पावसाळ्यासाठी, ओसरीतल्या फोटोंसाठी आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या सकाळसाठी. गोल्डपेक्षा १०० ते ३०० रुपये जास्त. पोर्ट्रा ४०० चेहऱ्याचा रंग फार सुंदर देतो, पण १,८०० च्या आसपास जातो. घरातल्या कुणाचं लग्न असेल तेव्हा घ्या, सरावाला नको. स्लाइड फिल्म, म्हणजे कोडॅक ई१००, तूर्त विसरा: रोल महाग, धुणाऱ्या लॅब मोजक्या, आणि उजेडाचा अंदाज अर्ध्या पायरीने चुकला तरी दिसतो. रंगीत निगेटिव्हमध्ये थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. शंका आली तर एक पायरी जास्त द्या.

कृष्णधवलमध्ये इलफर्ड एचपी५ प्लस ही माझी पहिली पसंती. ४०० चा रोल १६०० धरून वापरता येतो, त्यामुळे सोनाळ्याच्या यात्रेत किंवा रात्रीच्या कीर्तनात फ्लॅशशिवाय काम होतं. फक्त पूर्ण रोल १६०० वर काढायचा, मध्येच बदलायचा नाही, आणि लॅबला तसं लिहून द्यायचं. स्वस्तात केंटमिअर ४०० किंवा फोमापान. लॅबमध्ये कृष्णधवल धुलाई बऱ्याचदा रंगीतपेक्षा महाग असते. ती टाळायची असेल तर इलफर्ड एक्सपी२ सुपर घ्या. तो कृष्णधवल असूनही रंगीत रोलच्याच सी-४१ रसायनात धुतला जातो.

दोन सापळे. पहिला, सिनेमाच्या फिल्मचे हाताने भरलेले स्वस्त रोल. त्यांच्या पाठीला काळा थर असू शकतो, तो ईसीएन-२ पद्धतीने आधी काढावा लागतो. असा रोल न सांगता साध्या लॅबला दिलात तर त्यांचं रसायन खराब होतं आणि भरपाई तुमच्याकडे मागतात. घेताना ‘धुलाई सी-४१ की ईसीएन-२’ हा एकच प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर रोल घेऊ नका. दुसरा, स्टुडिओच्या ड्रॉवरमधले मुदत संपलेले रोल, कोनिका असो की आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या दुकानात वीस उन्हाळे काढलेल्या रोलमध्ये काही उरलेलं नसतं. धुलाईचे पैसे मात्र पूर्ण लागतात.

नवीन रोलही उन्हाने मरतो. दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तासभरही ठेवू नका. फ्रिजमध्ये हवाबंद डबीत ठेवा, वापरण्याआधी तासभर बाहेर काढा आणि मगच डबी उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. काढून झालेला रोल पंधरा दिवसांच्या आत पाठवा.

रोल भरताना

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून सावकाश. सावलीत उभं राहा. फिल्मची जीभ उजवीकडच्या फिरत्या दांड्याच्या खाचेत घाला, लिव्हर एकदा ओढा, वरच्या-खालच्या दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसली का ते बघा, मग झाकण बंद करा. आता डावीकडची चावी हलकेच फिरवून फिल्मचा सैलपणा काढून घ्या. पुढचं शटर मारून लिव्हर ओढताना त्या चावीकडे बघा: ती आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली नाही तर फिल्म सरकत नाहीय. आकडा १, २, ३ पुढे जात राहील आणि धुतल्यावर रोल कोरा निघेल. लॅबवाला कोऱ्या रोलचेही पैसे घेतो. रोलवरचा २०० किंवा ४०० हा आकडा कॅमेऱ्यावर हाताने लावा. हे कॅमेरे तो स्वतः वाचत नाहीत.

लॅब आणि टपाल

धुलाईसाठी मुंबई, पुणे, बंगळुरू किंवा दिल्लीच्या लॅबला टपालाने पाठवणं हाच भरवशाचा मार्ग. ‘करून देतो’ म्हणणारा स्थानिक स्टुडिओ बहुतेक वेळा तुमचा रोल पुढे मोठ्या शहरातच पाठवतो आणि मध्ये १००-२०० ठेवतो. त्याला थेट विचारा, रोल कुठे जाणार.

लॅबला फोन करून हे विचारा: धुलाई आणि स्कॅन मिळून दर किती, त्यात जीएसटी आहे का, स्कॅन किती पिक्सेलचा. साध्या स्कॅनवर मोबाइलपुरता फोटो मिळतो. भिंतीवर लावायचा असेल तर मोठा स्कॅन, त्याचे १५० ते ३०० जादा. ‘पुश’ म्हणजे ४०० चा रोल १६०० धरून धुण्याचे प्रत्येक पायरीला वेगळे पैसे असतात. निगेटिव्ह परत पाठवायचा खर्च कुणाचा, किती दिवस सांभाळतात, नंतर टाकून देतात का? निगेटिव्ह परत मागाच. स्कॅनची लिंक काही आठवड्यांत बंद होते, निगेटिव्हवरून पुन्हा कधीही कॉपी काढता येते.

रोल प्लॅस्टिकच्या डबीत, डबी छोट्या खोक्यात, आत चिठ्ठी: नाव, फोन, रोलचं नाव, किती धरून काढला, धुलाईची पद्धत. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टच मागा आणि पावतीवरचा नंबर जपा. एकेक रोल पाठवू नका, दोन-तीन साठवून पाठवा. टपाल तेवढंच लागतं आणि एका फोटोमागे दोन ते चार रुपये वाचतात. जाऊन-येऊन दहा ते वीस दिवस धरा.

घरी धुवायचं असेल तर

फक्त कृष्णधवल, आणि महिन्याला तीन-चार रोल काढत असाल तरच. टाकी, थर्मामीटर, मोजपात्रं आणि रसायनं मिळून पहिला खर्च ४,५०० ते ६,०००. त्यानंतर एका रोलला ५० ते १०० रुपये. इथे दोन अडचणी हमखास येतात. एक, तापमान. एचपी५ ला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशाला साडेसात मिनिटं लागतात. एप्रिलमध्ये आपल्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं, वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि रोल डागाळतो. बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवून पाणी थंड करा, किंवा हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. दोन, पाणी. संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने शेवटची धुलाई केलीत तर वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके उठतात आणि ते पुसायला गेलात तर ओरखडे पडतात. रसायन मिसळायला आणि शेवटच्या धुण्याला आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा; एका रोलला दोन-तीन लिटर पुरतं. वापरलेला फिक्सर विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवून मोठ्या लॅबला द्या.

कॅमेरा ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा बाहेर काढून शटर चालवा.

फसवणूक झाली तर

व्यवसाय म्हणून विकणाऱ्या दुकानाने किंवा लॅबने फसवलं तर आधी त्यांना लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. एवढ्याने भागलं नाही तर तक्रार बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते; दुकान मुंबईत असलं तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. सोबत पावती, यूपीआयची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ लावा. घरगुती माणसाने आपला जुना कॅमेरा विकला असेल तर हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही, म्हणून अशा व्यवहारात आगाऊ पैसे देऊ नका. कॅमेरा हातात घ्या, शटर मारून बघा आणि मगच यूपीआय उघडा.